राष्ट्रध्वजावरील चक्र : प्रचलित अर्थविवरणाची चिकित्सा

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दोन दिवशी आपल्या विहारांत, वसतिगृहांत आणि शाळांत राष्ट्रध्वजाविषयी जी भाषणे होतात, त्यांचा साचा आता ठरून गेला आहे. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी; चक्राचे चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण, नाहीतर दिवसाचे चोवीस तास. त्यानंतर आपल्यापैकी एखादा वक्ता उठतो आणि सांगतो की, हे चक्र बाबासाहेबांनी एकट्याने ध्वजावर आणले आणि त्याचे चोवीस आरे म्हणजे प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या, अनुलोम आणि प्रतिलोम. टाळ्या पडतात, सभा संपते. या टाळ्यांत आम्हीही सहभागी झालो आहोत, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

परंतु कालामांना उपदेश करताना तथागतांनी जी कसोटी सांगितली, ती केवळ इतरांच्या ग्रंथांना लावावयाची आणि आपल्या व्यासपीठावरील विधानांना लावावयाची नाही, असे म्हणता येणार नाही. परंपरेने आले म्हणून, ऐकिवात आहे म्हणून, वक्ता आपला म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, हीच ती कसोटी. राष्ट्रध्वजाविषयी जे बोलले जाते ते या कसोटीवर घासून पाहावे, इतकाच या लेखाचा हेतू आहे. ध्वजाविषयीचा आदर त्याने कमी होईल, असे आम्हांस वाटत नाही.

ठराव काय सांगतो

घटना समितीने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव संमत केला. तो पंडित नेहरूंनी मांडला होता. गडद केशरी, पांढरा आणि गडद हिरवा असे तीन समान आडवे पट्टे. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चरख्याचे प्रतीक म्हणून निळ्या रंगाचे चक्र. ते चक्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाखालील पट्टिकेवर असलेल्या चक्रासारखे. त्याचा व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका. आणि ध्वजाची रुंदी व लांबी यांचे प्रमाण सामान्यतः २:३. ठरावाचा आशय एवढाच आहे. रंगांचे अर्थ त्यात नाहीत, सद्गुणांची यादी नाही, आऱ्यांची संख्यासुद्धा नाही.

ही गोष्ट अनवधानाने घडलेली नाही. रंगांना जमातींचे अर्थ चिकटविण्याचा अनुभव या देशाने आधी घेतला होता. १९२१ साली बेझवाडा येथे पिंगली वेंकय्या यांचा नमुना गांधीजींपुढे आला, तेव्हा लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि नंतर जोडलेला पांढरा इतर सर्वांचा, अशी वाटणी झाली. वाटणी म्हटली की वाटेकरी आलेच. पुढे शिखांनीही आपल्या रंगाची मागणी केली. १९३१ साली नेमलेल्या समितीने संपूर्ण केशरी ध्वजाची सूचना केली. ती मान्य झाली नाही. अखेर त्याच वर्षी काँग्रेसने तिरंगा स्वीकारला आणि त्यासोबत रंगांना जातीय अर्थ नाही असे स्पष्ट करून केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि शौर्याचा असे अर्थ दिले. १९४७ च्या चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी आपला वेगळा अर्थ मांडला : केशरी विरक्तीचा, पांढरा सत्यमार्गावरील प्रकाशाचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा. म्हणजे सोळा वर्षांत अर्थ बदलले. यावरून दिसते ते असे की, रंगांचे अर्थ हे सांगणाऱ्याचे विवेचन आहे. तो कायदा नव्हे. जो कोणी केशरी पट्टा आपल्या धर्माचा आणि हिरवा दुसऱ्याचा असे आजही सांगतो, तो १९३१ सालीच नाकारलेला अर्थ पुन्हा उकरून काढतो.

चरखा जाऊन चक्र का आले, याचे नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यावहारिक होते. चाक, चाती आणि दोरी असलेला चरखा ध्वजाच्या एका बाजूने जसा दिसतो तसा दुसऱ्या बाजूने दिसत नाही. चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. दुसरे कारण इतिहासाचे होते. अशोकाचा काळ हा भारताने जगाकडे सैन्य न पाठविता शांतीचे दूत पाठविल्याचा काळ, असे त्यांनी मांडले. गांधीजींना चरख्याचे जाणे रुचले नाही, हे प्रसिद्धच आहे. याच चर्चेत ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती सुचविली होती आणि नंतर ती मागे घेतली. सारनाथचे चक्र कोणतीही जोड न घेता, जसे होते तसे, ध्वजावर आले. आमच्या दृष्टीने ही नोंद चोवीस सद्गुणांच्या कोणत्याही यादीपेक्षा मोलाची आहे.

सारनाथचा स्तंभ

सारनाथचे उत्खनन १९०४-०५ साली एफ. ओ. ओर्टेल यांनी केले, तेव्हा हे सिंहशीर्ष मातीतून बाहेर आले. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्याखाली गोल पट्टिका, तीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह, आणि दोन प्राण्यांच्या मधोमध एक याप्रमाणे चार चक्रे. हे स्थान सम्राटाने सहज निवडलेले नाही. येथेच, इसिपतनाच्या मृगदायात, तथागतांनी पाच भिक्खूंना पहिला उपदेश केला आणि धम्मचक्र प्रवर्तित केले. म्हणून आम्हांस असे वाटते की, 'अशोकचक्र' हे नाव चुकीचे नसले तरी अपुरे आहे. अशोकाने स्तंभ उभारला. चक्र त्याच्याआधी दोन शतकांहून अधिक काळ फिरत होते. केवळ राजाचे नाव घेतले की चक्र हे राजचिन्ह उरते, आणि ज्या उपदेशाचे ते चिन्ह आहे तो उपदेश नजरेआड होतो.

या स्तंभाला त्याचा स्वतःचा लेखही आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला किंवा भिक्खुणीला श्वेत वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे, अशी आज्ञा त्या लेखात आहे. २६ जानेवारी १९५० रोजी सिंहशीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारले गेले. त्याखाली ब्रीदवाक्य आले ते मात्र मुण्डकोपनिषदातून. त्या वाक्याबद्दल आमची तक्रार नाही. सत्याचा विजय कोणास नको आहे? परंतु ज्या दगडावर भेद न करण्याची आज्ञा कोरलेली होती, त्या दगडाचे शिल्प तेवढे घेतले गेले आणि त्याचा शब्द मागे राहिला, हे अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

अशोकाचा शब्द महाराष्ट्रालाही परका नाही. सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा विषय असा : पूर्वीचे राजे मृगयेसारख्या करमणुकीच्या यात्रांना जात, देवानंपिय प्रियदर्शी राजा मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट व दान होते, तसेच जनपदातील, म्हणजे खेड्यापाड्यांतील, लोकांची भेट आणि त्यांच्याशी धम्माची चर्चा होती. ज्याचे चक्र आपण ध्वजावर घेतले, तो राजा खेड्यातील माणसाला भेटण्यास जाणे हा राजधर्म मानीत होता. पुढील विवेचनासाठी वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

चोवीस आऱ्यांचा प्रश्न

आता संख्येकडे वळू. चोवीस आरे म्हणजे चोवीस सद्गुण ही यादी ना घटना समितीच्या ठरावात आहे, ना अशोकाच्या कोणत्याही लेखात. तीत येणारे काही गुण तर आधुनिक नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले वाटतात. ती शाळकरी मुलांच्या पाठांतरास सोयीची आहे, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल.

परंतु ज्या काटेकोरपणाने आपण ही यादी नाकारतो, त्याच काटेकोरपणाने आपल्या आवडत्या अर्थाकडेही पाहिले पाहिजे. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा निदानांचा अनुलोम व प्रतिलोम विचार केल्यास चोवीस ही संख्या येते, हे खरे. अभिधम्मातील पट्ठानात चोवीस प्रत्यय सांगितले आहेत, हेही खरे. उद्या एखादा जैन बांधव चोवीस तीर्थंकरांचे स्मरण करील, तर त्याला कोणत्या आधाराने अडवावयाचे? अशोकाने आऱ्यांचा अर्थ कोठेही कोरून ठेवलेला नाही. शिवाय त्याच सारनाथच्या स्तंभावर, सिंहांच्या माथ्यावर एक मोठे चक्र होते. त्याचे तुकडे मिळाले असून त्याला बत्तीस आरे होते असे मानले जाते. एकाच स्तंभावर चोवीस आणि बत्तीस अशा दोन संख्या असतील, तर शिल्पकाराच्या मनात संख्येचा सिद्धान्त होता असे ठामपणे म्हणणे कठीण आहे. पाली सुत्तांत चक्रवर्तीच्या चक्ररत्नाला तर सहस्र आरे सांगितले आहेत.

मग धम्मचक्राचा अर्थ कोठे शोधावयाचा? तो धम्मचक्कप्पवत्तन सुत्तातच शोधला पाहिजे. तेथे चार आर्यसत्यांचे ज्ञान प्रत्येकी तीन फेऱ्यांनी, म्हणजे बारा आकारांनी सांगितले आहे : हे दुःख आहे, हे दुःख जाणले पाहिजे, हे दुःख जाणले गेले; आणि याच रीतीने पुढील तीन सत्यांविषयी. येथे भर आऱ्यांवर नाही, प्रवर्तनावर आहे. जाणणे, मग करणे, मग केले गेल्याची खात्री करून घेणे : चक्र फिरते ते असे. प्रतीत्यसमुत्पादाचा अर्थ चक्रावरून सांगावयाचा असेल तर जरूर सांगावा. मात्र 'आम्ही असा अर्थ घेतो' असे म्हणून सांगावा, 'अशोकाने हाच अर्थ कोरला' असे म्हणून नव्हे. या दोन वाक्यांतील अंतर म्हणजेच श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतील अंतर.

बाबासाहेब आणि चक्र

हे चक्र बाबासाहेबांनी ध्वजावर आणले, या विधानात सत्याचा अंश किती? ध्वजासाठी १९४७ च्या जूनमध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली जी तात्पुरती समिती नेमली गेली, तिच्या सदस्यांत मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, क. मा. मुन्शी यांच्याबरोबर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. चक्राच्या कल्पनेचे श्रेय सांगताना तय्यबजी पती-पत्नींचेही नाव घेतले जाते. २२ जुलैच्या चर्चेत बाबासाहेबांचे भाषण नाही. धनंजय कीर यांच्या चरित्रावरून मात्र असे दिसते की, भारताने अशोकचक्र स्वीकारले ही गोष्ट बाबासाहेब स्वतः आपण साध्य केलेल्या धम्मकार्यात मोजीत. एवढी सामग्री हाती असता 'बाबासाहेबांचा यात वाटा होता आणि त्यांना त्याचे समाधान होते' असे निश्चित म्हणता येते. 'त्यांनी एकट्याने आणले' असे म्हणता येत नाही.

काही वाचकांना हे विवेचन रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. पण थोडा विचार करावा. त्या समितीत मुसलमान होते, सनातन संस्कृतीचे अभिमानी होते, गांधीजींचे निकटचे अनुयायी होते. घटना समितीने ठराव उभे राहून एकमुखाने संमत केला. एका माणसाने आपल्या आग्रहाने चक्र लावून घेतले असते, तर ते एका माणसाचे चक्र झाले असते. ते सर्वांनी स्वीकारले म्हणूनच ते राष्ट्राचे झाले आणि म्हणूनच त्याच्या अर्थाची जबाबदारी आज सर्वांवर टाकता येते. श्रेयाच्या वादात आपण ही जबाबदारीच गमावून बसतो. ज्यांनी शब्दाशब्दाला पुरावा मागितला, त्यांच्याविषयी पुराव्यापलीकडे बोलणे हा त्यांचा गौरव नव्हे.

चक्र वारशाने मिळत नाही

ध्वजाच्या चर्चेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सुत्त मात्र कोणी उद्धृत करीत नाही. ते दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त. त्यात चक्रवर्ती राजा निवृत्त होऊन प्रव्रज्या घेतो, तेव्हा दिव्य चक्र नाहीसे होते. गादीवर आलेला पुत्र शोक करतो. पिता त्याला सांगतो की, चक्र ही वडिलार्जित मालमत्ता नाही. राजाने आपले कर्तव्य पाळले, धम्माच्या आधारे सर्वांचे रक्षण केले आणि जे निर्धन आहेत त्यांना धन दिले, तरच ते पुन्हा प्रकट होते. पुढे असा एक राजा येतो जो रक्षणाची व्यवस्था करतो, परंतु निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीला आळा घालण्यासाठी शिरच्छेद, त्यातून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य. समाजाचे पतन होत जाते आणि त्या पतनाच्या मुळाशी सुत्त एकच गोष्ट ठेवते : राज्याने निर्धनांकडे फिरविलेली पाठ.

राष्ट्रध्वजावरील चक्राचा याहून अधिक नेमका अर्थ आम्हांस सुचत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे दिलेला इशारा याच अर्थाचा होता : राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण २६ जानेवारी १९५० रोजी प्रवेश करीत आहोत, ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. चक्र ध्वजावर आहे म्हणजे ते फिरतच आहे असे नव्हे.

आचार कशाचा, कोणासाठी

आता ध्वजाच्या आचाराविषयी. ध्वज फडकविण्याचा सामान्य नागरिकांचा अधिकार दीर्घ काळ मर्यादित होता. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने तो मोकळा केला आणि २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल यांच्या प्रकरणात, आदराने ध्वज फडकविणे हे संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने खादीबरोबर यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे ध्वजही चालू लागले. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने घरोघरी रात्रीही ध्वज ठेवता येऊ लागला. १९४७ मध्ये चरखा ध्वजाच्या चित्रातून गेला तरी त्याच्या कापडात राहिला होता. आता तेथेही तो अनिवार्य नाही. गरिबाच्या घरावर स्वस्त ध्वज लागतो हा लाभ आहेच; पण नांदेड आणि हुबळी येथील खादी केंद्रांत ध्वजाचे काम करणाऱ्या हातांचा विचार कोणी करावयाचा, हा प्रश्नही आहे.

आपल्या विहारांतूनही या नियमांविषयी बरेच अज्ञान आढळते. राष्ट्रध्वज आणि पंचशील ध्वज एकाच खांबावर लावू नयेत. राष्ट्रध्वजाहून उंच किंवा त्याला लागून दुसरा ध्वज ठेवू नये. ध्वजस्तंभाच्या माथ्यावर हार-फुले बांधू नयेत; फडकविण्यापूर्वी घडीत पाकळ्या ठेवण्यास मात्र हरकत नाही. ध्वजावर काहीही लिहू नये, मग ती घोषणा आपल्याला कितीही प्रिय असो. पुतळ्याच्या अनावरणासाठी आच्छादन म्हणून तो वापरणे १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायद्यानेच निषिद्ध आहे. शासकीय इतमामाचा अथवा सैन्यदलांचा वा निमलष्करी दलांचा अंत्यविधी सोडून तो पार्थिवावर घालता येत नाही. आपल्या कार्यकर्त्यासाठी पंचशील ध्वज आहेच. फाटलेला, विटलेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा.

याच १९७१ च्या कायद्याविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. ध्वजाच्या अवमानाला जी तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, तीच संविधानाच्या अवमानाला आहे. दोघांना कायद्याने एकाच पंक्तीत बसविले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर संविधानाची प्रत जाळली गेली, तेव्हा या तरतुदीची आठवण आपल्या समाजाला करून द्यावी लागली. दुसरे असे की, कायदेशीर मार्गाने बदल घडविण्यासाठी केलेली टीका हा अवमान नव्हे, असा खुलासा या कायद्यातच आहे. म्हणजे चिकित्सेला जागा कायद्यानेही ठेवली आहे.

पण नियमांची यादी म्हणजे आचार नव्हे. ध्वजाला जमिनीचा स्पर्श होऊ नये म्हणून आपण जपतो. माणसाच्या स्पर्शाचे काय? ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूतील तिरुवळ्ळूर जिल्ह्यात अनुसूचित जातीच्या एका महिला पंचायत अध्यक्षांना स्वातंत्र्यदिनी ध्वज फडकवू दिला गेला नाही. बातमी सर्वत्र झाल्यावर काही दिवसांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत त्यांच्या हस्ते ध्वज फडकविण्यात आला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या राज्याच्या मुख्य सचिवांना, अशा अध्यक्षांना जातीवरून अडविले जाऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावे लागले. त्या दिवशी त्या गावात ध्वजाचा कोणता नियम मोडला गेला? केशरी पट्टा वर होता की खाली, याचा तेथे प्रश्नच नव्हता. ध्वजसंहितेतील एकही कलम न मोडता ध्वजाचा संपूर्ण अर्थ मोडता येतो, हे त्या गावाने दाखवून दिले. त्याच वेळी संविधानाचा अनुच्छेद १७ मोडला गेला होता. खेड्यातील माणसाच्या भेटीस जाणाऱ्या राजाचे चक्र ज्या दोरीने वर चढावयाचे, त्या दोरीला हात लावण्याची बंदी खेड्यातच व्हावी, याहून मोठा ध्वजावमान कोणता?

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या राष्ट्रीय दिनी आपल्या विहारांत ध्वजवंदन झाल्यावर चोवीस गुणांची यादी बाजूस ठेवावी. २२ जुलै १९४७ चा ठराव वाचून दाखवावा आणि त्याच्या जोडीला चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताचा सारांश सांगावा. आणि ध्वजाची दोरी कोणाच्या हाती द्यावयाची हे ठरविताना, ज्या हाताला आजवर ती मिळाली नाही तो हात शोधावा : विहार झाडणारी उपासिका असेल, वस्तीतला सफाई कामगार असेल, शाळा सुटलेले मूल असेल. चक्राचे आरे मोजण्यापेक्षा ते फिरते की नाही हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते पाहण्याची जागा ध्वजाच्या कापडावर नाही, त्याच्या खाली उभ्या असलेल्या माणसांत आहे.